डाव्या बाजूचा गिटारवाला

आयुष्यात मी एकाच माणसाला भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो, आणि तो माणूस चोर नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू सावरायला लागलो तर तुम्ही मला टोकाल. माझा स्वभाव तापट. आईवर गेलाय असं सगळे म्हणायचे आणि आई म्हणायची, ‘माझ्यावर न्हाई, ह्याच्या मामावर गेलाय.’ मामा बिचारा इतका गरीब की कुत्रं भुंकलं तरी त्यालाच नमस्कार करील. आता चाळिशी उलटून काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी मागं लागली, तेव्हा आवाज जरा खाली आलाय. पण त्या वर्षी मी वीस वर्षांचा होतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि मला वाटायचं की जगात खरं-खोटं ओळखणारा कान एकट्या माझाच आहे.

आमचं घर देवळाली प्रवरेत. आप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर. हंगाम सुरू झाला की घराचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की आप्पा उठणार, भोंगा झाला की आई चहा टाकणार. हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर ड्रायव्हरनं आपापलं गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की दोन ट्रॅक्टर शेजारी आले तर कुठलंच कळू नये. शांतता म्हणजे काय हे मला कॉलेजसाठी नगरला जायला लागलो तेव्हा कळलं, तेही तिथल्या वाचनालयात. आमच्याकडं आप्पा बॉयलरच्या धडधडीतून घरी आलेले, म्हणून मोठ्यानं बोलायचे. आप्पांना ऐकू जावं म्हणून आई मोठ्यानं बोलायची. आणि आई मोठ्यानं बोलते म्हणून सगळी गल्ली मोठ्यानं बोलायची. अशा घरात एखाद्याला कमी ऐकू येतंय हे कळायचं तरी कुणाला?

रविवार मात्र वेगळा. रविवारी सकाळी डोक्यावरून अंघोळ, मग दारापुढच्या उन्हात आईच्या मांडीवर डोकं, मग कानात तेल. तिळाच्या तेलात लसणाच्या चार पाकळ्या आणि चिमूटभर ओवा टाकून आई लोखंडी पळीत ते कढवायची. लसूण तांबूस झाला की उतरवायची, निवू द्यायची, मनगटावर थेंब टाकून बघायची. आधी उजवा कान, मग डावा. डाव्यात दोन थेंब जास्त, कारण माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. ‘वाहतोय तर वाहू दे, घान भायेर पडती,’ आई म्हणायची. तेल आत उतरलं की कानात बुडबुडे फुटायचे, सगळं जग विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं लांब व्हायचं, आणि वरून आईचा हात कपाळावर. मला त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात वाटलं नाही. मोठा झालो, मिसरूड फुटलं, मित्र हसायला लागले, तरी रविवारी मी मांडीवर डोकं ठेवायचोच. मग दुपारी हुलग्याचे शेंगोळे, वरून कच्चं तेल, कांदा, आणि आप्पांची सुट्टी असली तर त्यांचं घोरणं.

आणि मी एकटाच नव्हे. गल्लीतली सात-आठ पोरं रविवारी आमच्या दारापुढं रांगेत बसायची. ज्यांच्या आया शेतावर मजुरीला जायच्या, त्यांची पोरं आईच धुऊन-पुसून कानात तेल घालून परत पाठवायची. ‘काकूच्या हाताला गुन हाय,’ असं बायका म्हणायच्या. आईला त्याचा केवढा अभिमान! तिला दुसरं काही मिरवायला नव्हतंच म्हणा. हे एक होतं.

आता ते संगीत. माझा मावसभाऊ नितीन पुण्याला होस्टेलवर राहायचा. दिवाळीला आला तो डबीएवढा सीडी प्लेअर आणि एक सीडी घेऊन. ‘दिप्या, हे ऐक. घाबरू नको,’ म्हणाला. मी ऐकलं आणि खरंच घाबरलो. आधी लांबून गडगडाट, मग दोन पायांनी एकदम बडवलेले ढोल, वर गिटारी अशा की पत्र्याच्या शेडवर गारा पडतायत, आणि मग एक माणूस पोटातून जे काही ओरडला! मी कानातलं काढून इकडंतिकडं बघितलं. नितीन हसत होता. मी परत घातलं. दिवाळी संपली, नितीन गेला, प्लेअर आणि सीडी मी ठेवून घेतली. त्यानं नाही दिली, मीच लपवली. त्याला मेटल म्हणतात हे मला नंतर कळलं. मला एवढंच कळत होतं की आमच्या घरात, गल्लीत, कारखान्यात जेवढा आवाज आहे तेवढाच हा पण मोठा, पण ह्याला शिस्त आहे. ओरडतायत, पण सगळे एका ठोक्यावर ओरडतायत. ते मला फार आवडलं.

आईला नाही आवडलं. एकदा मी प्लेअर घरातल्या टेपच्या स्पीकरला जोडला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ‘आरं कोन मारतंय त्याला?’ म्हणाली. मी म्हणालो, ‘कुणी मारत नाही आई, गाणं आहे.’ ‘गानं? मग एवढा वराडतो का? घरी बायकापोरं हायती का न्हाई त्याला?’ शेजारची म्हातारी दारात येऊन विचारून गेली की पोराच्या अंगात आलंय का. त्या दिवसापासून घरात स्पीकर बंद. ऐकायचं तर कानात घालून ऐक, नाहीतर उसात जाऊन ऐक.

कानात घालायचं म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्तातले इअरफोन. ते महिनाभर टिकायचे. मग वायर कुठंतरी आतून तुटायची आणि एक बाजू बंद. आमच्या वर्गात असा एकही नव्हता ज्याच्या इअरफोनच्या दोन्ही बाजू चालू आहेत. माझी कायम डावी जायची. नवा आणला तरी दोन दिवसांत डावी बाजू मंद वाटायला लागायची. एसटीत मित्राबरोबर एक-एक बाजू वाटून घ्यायची वेळ आली की मी उजवी घ्यायचो, डावी त्याला द्यायचो. तो बापडा मान डोलवत ऐकायचा. ‘तुझ्याकडं वाजतंय का?’ असं मी एकदाही विचारलं नाही. आज आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

म्हणून ठरवलं, आता चांगला हेडफोन. कानावर बसणारा, जाड उशीचा. उन्हाळी सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं, पैसे साठवले. नगरला सायबर कॅफेत बसून देशोदेशीच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं. एक वही केली. मेटलसाठी काय पाहिजे? नुसता धमधम बेस असला की ढोल आणि गिटार एकमेकांत कालवून त्याचं पिठलं होतं. वरचा आवाज जास्त तीक्ष्ण असला की झांजा डोक्यात टाचण्या टोचतात. बंद पाठीचा घ्यायचा की उघड्या पाठीचा? उघड्या पाठीच्याचा आवाज मोकळा, पण बाहेर सगळा सांडतो, म्हणजे आई आणि शेजारची म्हातारी दोघीही दारात. तेव्हा बंद पाठीचा. आणि एक नियम मी वहीत लाल शाईनं लिहिला होता: डाव्या कानावर डावी बाजू, उजव्यावर उजवी, कधीही उलटं घालायचं नाही, कारण वाजवणाऱ्यांनी ते मोजून-मापून ठेवलेलं असतं. हा नियम मी सोवळ्यासारखा पाळला. ह्याच नियमानं मला इतके दिवस आंधळं ठेवलं, बहिरा तर मी होतोच.

कापड बाजारामागच्या गल्लीत मुनीरभाईंचं दुकान होतं. रेडिओ, टेप, घड्याळं, आणि काचेच्या कपाटात पाच-सहा बरे हेडफोन. मुनीरभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, हळू बोलणारे. मी वही उघडून प्रश्न विचारायला लागलो तेव्हा त्यांनी चष्मा पुसून घेतला. ‘बेटा, एवढं तर कंपनीवाल्यालाही माहीत नसेल,’ म्हणाले. पण कपाटातले सगळे हेडफोन काढून दिले. मी माझी सीडी लावून तासभर एकच गाणं ऐकलं. एक निवडला. काळा, जड, कानावर बसला की बाहेरचं जग बंद करणारा.

घरी येऊन ऐकलं आणि आनंदानं वेडा झालो. ढोलाचा ठोका आणि त्याच्यामागं ढोलाच्या कातड्याचं थरथरणं, दोन्ही वेगळं! गाणाऱ्यानं ओरडायच्या आधी घेतलेला श्वास! मी नितीनला फोन करून अर्धा तास बडबडलो. तिसऱ्या दिवशी आनंद ओसरला आणि लक्षात आलं, डावी बाजू मंद आहे. घरघर येतेय, पण लांबून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं निवडून-निवडून घेतलं आणि ह्यातही तेच? दुसऱ्या दिवशी दुकानात. मुनीरभाईंनी लगेच बदलून दिला. ‘एखादा पीस येतो खराब,’ म्हणाले. आठवड्यानं मी परत हजर. या वेळी त्यांनी स्वतः कानाला लावून ऐकलं. ‘बरोबर आहे की. दोन्हीकडं सारखा आहे.’ मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, आहे. आणि मग माझं तोंड सुटलं. खराब माल गळ्यात मारता, वर आम्हालाच खोटं पाडता, चोर आहात तुम्ही. दुकानात चार माणसं होती. एकानं मान फिरवली. मुनीरभाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, पण त्यांनी तिसरी पेटी काढली आणि माझ्यापुढं सरकवली. तीही तशीच निघाली.

मग मी आईला सांगितलं. आईला सांगणं म्हणजे तोफेला बत्ती देणं. रविवारच्या बाजारात खराब वांगं परत करायला ती भर उन्हात दोन मैल चालत गेलेली बाई. ‘चल,’ म्हणाली, ‘मी बघते कोन माझ्या लेकराला फसवतंय.’ चांगलं लुगडं नेसली, एसटीनं आम्ही नगरला गेलो. दुकानात शिरताच तिनं पेटी काउंटरवर आपटली.

‘हे घ्या तुमचं. तीनदा दिलं, तीनदा खराब. पैसं काढा.’

‘ताई, आधी बसा. पाणी घ्या.’

‘पानी नको. माझं पोरगं खोटं बोलत न्हाई.’

‘मी कुठं म्हणतो खोटं बोलतो?’ मुनीरभाई म्हणाले. ‘पैसे देतो. पण एकदा तुम्ही स्वतः ऐका आणि सांगा, कुठली बाजू खराब आहे.’

आईनं माझ्याकडं बघितलं, मग पदरावरूनच हेडफोन चढवला. मुनीरभाईंनी माझीच सीडी लावली. आईचे डोळे मोठे झाले. तिनं डावीकडं मान केली, उजवीकडं केली, परत माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हेडफोन काढून ठणकावून म्हणाली, ‘डावी बाजू बंदच हाय. कायबी वाजत न्हाई.’

मी विजयानं मुनीरभाईंकडं बघितलं. ते हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी हेडफोन उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मी ओरडलो, ‘ओ भाई, उलटा घातलात!’

‘असू दे. एकदा असाच ऐक. आता कुठल्या कानात कमी येतंय?’

मी ऐकलं. ‘डाव्या,’ म्हणालो.

‘डाव्या कानावर आता उजवी बाजू आहे, बेटा.’

मला समजलंच नाही. मी हेडफोन काढला, डावी-उजवी दाखवणारं अक्षर बघितलं, सरळ घातला. डाव्या कानात कमी. उलटा घातला. डाव्या कानात कमी. परत सरळ, परत उलटा. चार-पाच वेळा मी हा चाळा केला. हेडफोनवरची अक्षरं जागा बदलत होती, माझा कान काही बदलत नव्हता. आयला, म्हणजे ते सगळे इअरफोन? ती एसटीतली डावी बाजू? फोन उजव्या कानाला लावणं, वर्गात भिंतीच्या कडेला बसणं, हाक आली की उगाच भलतीकडं वळून बघणं? मी वळून आईकडं बघितलं. तिचा हात काउंटरची कड शोधत होता. तिला माझ्या आधी कळलं होतं. तिनं हेडफोन घातला त्याच क्षणी तिला दोन्हीकडं सारखं ऐकू आलं होतं, आणि तरी ती माझ्यासाठी खोटं बोलली होती.

मुनीरभाईंनी गल्ल्यातून पैसे काढून पुढं ठेवले. आईनं ते परत सरकवले आणि पेटी काखेत मारली. ‘ऱ्हाऊ द्या दादा,’ म्हणाली, ‘तुमचा माल चांगला हाय.’ असा तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मुनीरभाईंनी सावेडीतल्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहून दिला, स्वतः खाली उतरून रिक्षा थांबवली, आणि मला म्हणाले, ‘चोर म्हणालास ते मी विसरलो. तू हे विसरू नको, आजच दाखव.’

डॉक्टरांनी कानात बघितलं, दुर्बिणीतून बघितलं, मग मला एका खोलीत बसवून मशीनवर ऐकायला लावलं. बारीक-बारीक आवाज. उजव्या कानाला मी पटापट बटण दाबत होतो. डाव्याची पाळी आली तेव्हा मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो आणि वाट बघत राहिलो. बाहेर आलो तर डॉक्टर आईला विचारत होते, ‘कान कधीपासून वाहतो?’

‘लहानपनापासून. पर आमी काळजी घेतो की.’ आई सावरून बसली. एवढ्या गोंधळात तिला पहिल्यांदाच उत्तर येणारा प्रश्न मिळाला होता. ‘तिळाचं तेल, लसून, ववा. कढवून, निवून मग घालायचं. एक रविवार चुकवला न्हाई डॉक्टर, पोरगं एवढं मोठं झालं तरी.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते भले गृहस्थ होते, रागावले नाहीत. त्यामुळंच जास्त लागलं. म्हणाले, पडद्याला भोक आहे. लहानपणी सर्दीनं कान पिकला असेल, तेव्हा पडलं असेल. कोरडं राहिलं असतं तर कदाचित आपोआप बुजलंही असतं. पण भोक असलं की आत थेंबसुद्धा जाता कामा नये. तेल आत जात राहिलं, कान ओला राहिला, पू होत राहिला, आणि पडद्यामागची नाजूक हाडं झिजली.

‘मंजी,’ आईनं विचारलं, ‘मी काय घालत हुते त्याच्या कानात?’

पडदा बसवायचं ऑपरेशन करता येईल, वाहणं थांबेल, ऐकू किती येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी माझ्याकडं बघून सांगितलं. तोवर हेडफोन बंद. एकच कान चांगला आहे, तो सांभाळ.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं बसलो होतो. राहुरी मागं पडली. मग मी ते वाक्य बोललो. खरं सांगतो, हे लिहिताना आधी मी ते गाळलं होतं. मी म्हणालो, ‘तूच बहिरं केलंस मला.’ सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. आई माझ्या डाव्या बाजूला बसली होती. ती काहीतरी बोलली. तिचे ओठ हललेले मला काचेत दिसले. गाडीचा खडखडाट होता, ती हळू बोलली होती, आणि डावी बाजू होती. मी ‘काय?’ असंसुद्धा विचारलं नाही. इतका राग होता. पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं, तर म्हणाली, ‘आता न्हाई आठवत.’ तिला आठवत होतं. मला खात्री आहे.

त्यानंतरच्या रविवारी पोरं नेहमीसारखी दारापुढं येऊन बसली. आईनं पळी काढली नव्हती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘घरी जा रं. न्हाई घालायचं.’ पोरं हलेनात, त्यांना वाटलं काकू चेष्टा करतीय. मग तिनं पायात चपला घातल्या आणि गल्लीतल्या एकेका घरात गेली. मी तिच्यावर अजून रुसलेलोच होतो, तरी मागं-मागं गेलो. प्रत्येक दारात ती तेच बोलली. माझ्या तेलानं माझ्या पोराचा कान गेला. तुमच्या पोरांच्या कानात मी घातलंय. डॉक्टरला दाखवून आना. एक बाई म्हणाली, ‘आवो काकू, आमच्या सासूबी घालायच्या, कुनाला काय झालं न्हाई.’ आई म्हणाली, ‘झालंय का न्हाई ते तुला कसं कळंल? माझ्या पोराला वीस वरीस कळलं न्हाई.’ आप्पा संध्याकाळी आले, त्यांच्या कानावर बाहेरूनच गेलं होतं. ‘गावभर सांगत फिरायची काय गरज हुती?’ म्हणाले. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. गल्लीतल्या टेलरची धाकटी पिंकी, तिचाही कान वाहायचा. तिच्या पडद्याला बारीकसं भोक निघालं, औषधानं आणि कान कोरडा ठेवल्यानं ते वेळेत बुजलं. पिंकीची आई पेढे घेऊन आली तर आईनं हात लावला नाही.

ज्या बाईच्या हाताला गुण होता ती बाई गेली, आणि घरात दुसरीच कुणीतरी वावरायला लागली. हळू बोलणारी. मला तो धक्का कानापेक्षा मोठा होता. तिनं माझ्याशी भांडावं म्हणून मी मुद्दाम ताटात भाकरी टाकून उठायचो. ती ताट उचलायची. बरोबर माझ्या उजव्या बाजूला येऊन मग बोलायची, आणि तेही कामापुरतं. शेवटी मीच एके दिवशी चुलीपाशी बसून म्हणालो, ‘आई, चुकलो मी. गाडीत बोललो ते.’ ती म्हणाली, ‘खरं तेच बोललास.’ आणि रडली. मीही रडलो. तेवढ्यात भोंगा झाला आणि दूध उतू गेलं, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मला शिव्या देऊन ओरडली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

ऑपरेशन पुण्याला झालं. कानामागं टाके, डोक्याला ही पट्टी. आईनं त्या काळात कुठला देव सोडला नाही, कुठला उपास सोडला नाही. पट्टी निघाली, टाके सुकले, वाहणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी मशीनवर बघू किती येतंय. हेडफोन हळू आवाजात लावायला हरकत नाही, असंही म्हणाले. तीन महिने कोण थांबतंय! त्या तपासणीहून घरी आल्या दिवशीच, दुपारच्या उन्हात, आईनं कपाटातून ती पेटी काढून आणली.

‘थांब,’ म्हणाली. ‘आदी मी ऐकते. कसं यायला पायजे ते मला कळू दे.’

तिनं हेडफोन घातला, या वेळी पदर खाली घेऊन, नीट, अक्षरं बघून. मी तेच गाणं लावलं. ती डोळे मिटून बसली. त्या ओरडण्याला ती एकदा दचकली, पण काढला नाही. मग बोलायला लागली, कानात आवाज असलेली माणसं बोलतात तशी मोठ्यानं. ‘दोघं हायेत रं. उजवीकडं एक वाजवतोय आन डावीकडं दुसराच. उजवीकडचा खाली गेला की डावीकडचा वर जातोय. भांडत्यात जनू.’ मला माहीत होतं. हेडफोन उलटा करून-करून मी त्या दोघांना वेगवेगळं ऐकलं होतं. मग ती थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. ‘आन ह्यो वराडनारा,’ ती म्हणाली, ‘ह्यो तर कानात न्हाईच. ह्यो मदी हाय.’

‘मध्ये म्हणजे कुठं?’

‘मदी. डोक्याच्या मदोमद. आता ते दोघंबी तितंच आले बग.’

मला हे माहीत नव्हतं. आवाज डोक्याच्या मधोमध येऊ शकतो, हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःला कळायचं काही कारण नव्हतं. आईनं हेडफोन काढला, माझ्या डोक्यावर हलकेच बसवला, टाक्यांना लागू नये म्हणून डावी बाजू दोन्ही हातांनी धरून. मग तिनं एक बोट माझ्या कपाळावर टेकवलं, दोन भुवयांच्या मधे.

‘हितं,’ ती म्हणाली. ‘हितं ऐक.’

मी डोळे मिटले. जीव कानात आणून ऐकलं. ढोल, झांजा, गिटार, ओरडणं, सगळं होतं. सगळं उजवीकडं होतं. कपाळावर फक्त तिचं बोट होतं.

‘आलं का?’ तिनं माझ्या उजव्या बाजूची उशी जराशी उचलून विचारलं.

‘न्हाई, आई.’

तिनं उशी परत कानावर ठेवली. गाणं संपेपर्यंत कपाळावरचं बोट काढलं नाही.